आउटरँक: हुद्द्याने वर कोण, आणि कोणत्या शिडीवर?

'आउटरँक' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ एका ओळीत सांगून होतो: हुद्द्याने, दर्जाने किंवा क्रमाने दुसऱ्याच्या वर असणे. अडचण त्यानंतर सुरू होते. हा शब्द दाबोळीच्या नौदल तळालाही लागू पडतो आणि तारवटींच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, बोटीलाही. हॉटेलच्या किचनला, पत्त्यांच्या टेबलाला, राजभवनातल्या समारंभाला आणि गूगलवरच्या क्रमालाही. प्रत्येक ठिकाणी 'वर' असण्याचे कारण वेगळे असते. ते ओळखले नाही, तर व्याकरण बरोबर असूनही वाक्य चुकते.

कसोटी एकच. दोघेही एकाच शिडीवर उभे असतील तरच एक दुसऱ्याला आउटरँक करतो. जिल्हाधिकारी मामलेदाराला आउटरँक करतो, कारण दोघे महसूल खात्याच्या एकाच शिडीवर आहेत. जिल्हाधिकारी बँकेच्या मॅनेजरला आउटरँक करतो का? या प्रश्नाला उत्तरच नाही. तिथे हा शब्द वापरणारा एक तर चुकतो किंवा फुशारकी मारतो.

आधी व्याकरण उरकून घेऊ. आउटरँक हे सकर्मक क्रियापद आहे. कर्म थेट येते, मध्ये कोणतेही शब्दयोगी अव्यय लागत नाही. 'अ कमांडर आउटरँक्स अ लेफ्टनंट', एवढेच. मराठीत आपण 'माझ्यापेक्षा मोठा' म्हणतो, त्यामुळे 'आउटरँक्स दॅन मी' असे तोंडात येते. 'सीनिअर टू मी'च्या सवयीने 'आउटरँक्स टू मी' होते. दोन्ही चूक. तुलना 'आउट' या उपसर्गातच आली आहे. 'आउटनंबर', 'आउटलिव्ह', 'आउटवे' ही सगळी क्रियापदे याच घडणीची, आणि त्यांनाही दॅन लागत नाही. म्हणूनच 'मोअर आउटरँक' असेही होत नाही. किती पायऱ्या वर हे सांगायचे तर 'बाय' वापरावे: 'शी आउटरँक्स हिम बाय टू ग्रेड्स'. कर्मणी प्रयोगातही हेच 'बाय' येते, पण तिथे त्याचे काम वेगळे असते: 'ही वॉज आउटरँक्ड बाय एव्हरीवन इन द रूम', म्हणजे खोलीतला प्रत्येकजण त्याच्यापेक्षा वरचा होता.

हुद्द्याच्या अर्थाने हे क्रियापद स्थिती दाखवते, क्रिया नव्हे. म्हणून 'ही इज आउटरँकिंग मी' असे म्हणत नाहीत; साधा वर्तमानकाळ पुरतो. प्रश्न 'डज'ने करायचा: 'डज अ मेजर आउटरँक अ कॅप्टन?' इथे 'इज' लावणे ही नेहमीची चूक. लिहिताना एकच शब्द, मध्ये जोडरेघ नाही. बोलताना जोर 'रँक'वर द्यावा, 'आउट'वर नाही. 'आउटकम', 'आउटब्रेक' या नामांत जोर पहिल्या भागावर, 'आउट'वर, असतो, त्याची छाप इथे पडू देऊ नये.

आता सैन्याकडे. शब्द तिथे अगदी नेमका बसतो आणि गोंधळही तिथेच जास्त होतो. बांबोळीच्या लष्करी केंद्रातला एक कॅप्टन आणि वास्कोतला नौदलाचा एक कॅप्टन समोरासमोर आले, तर दोघे बरोबरीचे नसतात. लष्करातला कॅप्टन तळापासून दुसऱ्या पायरीवरचा अधिकारी: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल. नौदलातला कॅप्टन थेट कर्नलच्या बरोबरीचा. सब-लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, आणि मग कॅप्टन असा त्याचा क्रम. म्हणजे नौदलाचा कॅप्टन लष्कराच्या कॅप्टनला तीन पायऱ्यांनी आउटरँक करतो. हवाई दलात त्याच उंचीवर ग्रुप कॅप्टन असतो. लष्करी कॅप्टनचा नौदलातला जोडीदार म्हणजे लेफ्टनंट. बाह्यांकडे पाहिले तरी कळते: नौदलाच्या लेफ्टनंटला दोन सोनेरी पट्ट्या, कमांडरला तीन, कॅप्टनला चार. शिवाय नौदलात जहाजाच्या कमांडिंग ऑफिसरला त्याचा खरा हुद्दा कोणताही असला तरी 'कॅप्टन' म्हणण्याची रीत आहे, म्हणजे संबोधनावरून पायरी ओळखायला जाणे धोक्याचेच.

लष्करातला आणखी एक तिढा. मेजर लेफ्टनंटच्या वर, पण लेफ्टनंट जनरल मेजर जनरलच्या वर. हे उलटे दिसते, कारण मेजर जनरल हा हुद्दा पूर्वी युरोपातल्या सैन्यांत 'सार्जंट मेजर जनरल' असा होता. पुढे 'सार्जंट' गळाला आणि नुसता 'मेजर' उरला.  'अ लेफ्टनंट जनरल आउटरँक्स अ मेजर जनरल' हे वाक्य छापील मजकुरात दिसले, तर ते दुरुस्त करायला जाऊ नये.

दोघांचा हुद्दा अगदी सारखा असेल तर? मग आउटरँक बाद. दोन कमांडरांपैकी ज्याला ती पायरी आधी मिळाली तो 'सीनिअर टू' दुसरा. सेवाज्येष्ठता आणि हुद्दा हे वेगळे हिशेब आहेत. अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला लेफ्टनंट पंचवीस वर्षे सेवा झालेल्या सुभेदार मेजरला आउटरँक करतो. आता आदबीचे बघा: सुभेदार मेजर त्याला 'साहेब' म्हणतो आणि तो लेफ्टनंटही सुभेदार मेजरला 'साहेब'च म्हणतो. मान दोन्ही बाजूंनी वाहतो, हुद्दा मात्र एकाच बाजूला वर असतो. आउटरँक फक्त हुद्द्याचे सांगतो.

तो हुकमाचेही सांगत नाही, आणि हे फार लोक विसरतात. जहाजाचा कमांडिंग ऑफिसर कमांडर असेल आणि त्या जहाजावर रिअर ॲडमिरल पाहुणा आला, तर ॲडमिरल त्याला नक्कीच आउटरँक करतो. जहाज तरी कमांडरच चालवतो. हुद्दा आहे म्हणून दुसऱ्याच्या कामात हात घालणे याला इंग्रजीत वेगळा वाक्प्रयोग आहे, 'पुल रँक'. तो टीकेच्या सुरात वापरतात. 'ही आउटरँक्स मी' ही माहिती झाली, 'ही पुल्ड रँक ऑन मी' ही तक्रार.

व्यापारी जहाजावर हे आणखी उघड होते. डेकवर मास्टर म्हणजे जहाजाचा कप्तान, चीफ ऑफिसर, सेकंड ऑफिसर, थर्ड ऑफिसर, कॅडेट. इंजिनखोलीत चीफ इंजिनिअर, सेकंड इंजिनिअर, थर्ड, फोर्थ. आता 'सेकंड' या शब्दाकडे लक्ष द्या. सेकंड ऑफिसर डेकच्या शिडीवर मास्टर धरून तिसरा येतो. सेकंड इंजिनिअर मात्र इंजिनखोलीत चीफच्या लगेच खालचा, आणि त्याची बरोबरी चीफ ऑफिसरशी. त्यामुळे जहाजावर सेकंड इंजिनिअर सेकंड ऑफिसरच्या वरचा मानला जातो. नाव तेच, उंची वेगळी. चीफ इंजिनिअरच्या खांद्यावर मास्टरसारख्याच चार पट्ट्या असतात, तरी जहाजावर मास्टर सर्वांना आउटरँक करतो. खलाशांतही क्रम आहे: बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम एबीच्या (एबल सीमन) वर, एबी ओएसच्या (ऑर्डिनरी सीमन) वर. क्रूझवर हॉटेल विभागाची आपली शिडी असते आणि तिथे हेड वेटर वेटरच्या वर, वेटर असिस्टंट वेटरच्या वर. पण हेड वेटर फोर्थ इंजिनिअरला आउटरँक करतो का, असे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही शिड्या वर मास्टरपाशीच एकत्र येतात.

मुरगाव बंदरात शिरताना बोटीवर पायलट चढतो. तो मास्टरला वळण, वेग, टगबोटी यांबद्दल सांगतो आणि मास्टर ऐकतो. पण म्हणून पायलट मास्टरला आउटरँक करत नाही, आणि मास्टर पायलटला करत नाही. पायलट जहाजाच्या नोकरीतला नव्हेच. तिथली माहिती त्याची, जहाजाची अंतिम जबाबदारी मास्टरची. इथे इंग्रजीत लिहायचे तर 'ॲडव्हायझेस' किंवा 'डायरेक्ट्स द नॅव्हिगेशन' म्हणावे, आणि 'रिमेन्स इन कमांड' मास्टरबद्दल.

किचनमध्ये आकडे उलटे चालतात. एक्झिक्युटिव्ह शेफ, सू शेफ, सीडीपी म्हणजे शेफ द पार्टी, डेमी सीडीपी, आणि मग कॉमी म्हणजे कनिष्ठ स्वयंपाकी. कॉमी वन कॉमी थ्रीला आउटरँक करतो. आकडा लहान, हुद्दा मोठा. सरकारी कार्यालयांत आकड्यांऐवजी विशेषणे फसवतात. दिल्लीच्या मंत्रालयांत ॲडिशनल सेक्रेटरी जॉइंट सेक्रेटरीच्या वर, जॉइंट सेक्रेटरी डेप्युटी सेक्रेटरीच्या वर, अंडर सेक्रेटरी त्याच्याही खाली. गोव्याच्या महसुलात ॲडिशनल कलेक्टर डेप्युटी कलेक्टरच्या वर असतो, डेप्युटी कलेक्टर मामलेदाराच्या वर, आणि जॉइंट मामलेदार मामलेदाराच्या खाली. 'जॉइंट' म्हणजे बरोबरीचा असे समजून 'नायदर आउटरँक्स द अदर' लिहिले, तर मामलेदार कचेरीतला कोणीही हसेल. पोलिसांत डीवायएसपी पीआयला आउटरँक करतो आणि पीआय पीएसआयला. तिथे विशेषणांची भानगड कमी आहे.

मानाच्या बाबतीत भारतात एक लिखित शिडी आहे. राष्ट्रपती सचिवालयाने 26 जुलै 1979 रोजी जारी केलेली ही प्राधान्यसूची. समारंभात कोण कोणाच्या आधी, हे तिच्यावरून ठरते. पहिल्या क्रमांकावर राष्ट्रपती, दुसऱ्यावर उपराष्ट्रपती, तिसऱ्यावर पंतप्रधान. चौथ्यावर राज्यपाल, पण 'आपल्या राज्यात'. सहाव्यावर भारताचे सरन्यायाधीश आणि लोकसभेचे सभापती. सातव्यावर केंद्रातले कॅबिनेट मंत्री आणि मुख्यमंत्री, पुन्हा 'आपल्या राज्यात'. राज्याबाहेर गेले की राज्यपाल आणि मुख्यमंत्री दोघेही आठव्या क्रमांकावर येतात.

याचा अर्थ फार गमतीचा होतो. पणजीत सरन्यायाधीश आले, तर समारंभात गोव्याचे राज्यपाल त्यांच्याही वर. तेच राज्यपाल पत्रादेवीचा नाका ओलांडून सावंतवाडीच्या कार्यक्रमाला गेले, तर ते आठव्यावर, आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तिथे सातव्यावर. म्हणजे सावंतवाडीत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री गोव्याच्या राज्यपालांना आउटरँक करतात. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी पणजीत पाऊल टाकले की चित्र पुन्हा फिरते. आउटरँक वापरताना 'कुठे' हे सांगणे किती गरजेचे असते, ते यावरून कळेल.

'केव्हा' हेही तितकेच महत्त्वाचे. 30 मे 1987 पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता आणि इथे नायब राज्यपाल होते. 1979च्या सूचीत नायब राज्यपाल अकराव्या क्रमांकावर आणि केंद्रशासित प्रदेशाचे मुख्यमंत्री पंधराव्यावर. केंद्रातला राज्यमंत्री दहाव्यावर, म्हणजे तो पणजीत येऊन नायब राज्यपालांच्या वर बसू शकत होता. गोवा घटक राज्य झाले आणि राज्यपाल चौथ्यावर, मुख्यमंत्री सातव्यावर गेले. माणसे तीच, इमारत तीच, सूचीतली जागा मात्र सात-आठ क्रमांकांनी वर. भूतकाळाबद्दल लिहिताना म्हणून 'आउटरँक्ड ॲट द टाइम' अशी पुस्ती जोडलेली बरी.

या सूचीच्या टिपेत एक वाक्य आहे जे फार थोडे लोक वाचतात: ही क्रमवारी समारंभांपुरती आहे, सरकारच्या रोजच्या कारभाराला लागू नाही. खासदार एकविसाव्या क्रमांकावर आणि राज्याचे मुख्य सचिव तेविसाव्यावर, म्हणून खासदार मुख्य सचिवांना फायलीवर आदेश देऊ शकत नाहीत. आमदार तर केंद्राच्या या सूचीत नाहीतच. एकाच क्रमांकावर अनेकजण असतील, तर त्या क्रमांकात जो आधी आला तो आधी. नेमके बोलायचे तर इथे 'टेक्स प्रेसिडन्स ओव्हर' हा वाक्प्रयोग जास्त चपखल आहे. आउटरँक बोलण्यात चालतो. देवळातल्या मानकऱ्यांचा क्रम इंग्रजीत सांगतानाही प्रेसिडन्सच वापरावा. पालखीचा पहिला मान एका घराण्याचा असतो म्हणून ते घराणे इतर महाजनांना आउटरँक करते असे लिहिले, तर गावात भांडण लागायचे.

खेळाच्या क्रमवारीतही आउटरँक येतो, पण तिथे त्याचा अर्थ हरवणे असा होत नाही. 2019-20च्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवा साखळीत पहिला आला आणि लीग विनर्स शील्ड पटकावली. चेन्नईयिन एफसी चौथा होता. म्हणजे गोव्याने चेन्नईयिनला गुणतालिकेत आउटरँक केले. उपांत्य फेरीत त्याच चेन्नईयिनने दोन लढतींचे मिळून 6-5 अशा फरकाने गोव्याला बाहेर काढले. गोवा नसलेला अंतिम सामना पुढे फातोर्ड्यालाच झाला, रिकाम्या स्टेडियममध्ये, आणि एटीकेने तो जिंकला. इथे 'चेन्नईयिन आउटरँक्ड गोवा इन द सेमीफायनल' असे लिहिता येत नाही. 'बीट' किंवा 'नॉक्ड आउट' लागते.

पत्त्यांत मात्र वर असणे आणि जिंकणे जवळजवळ एकच. पोकरमध्ये फ्लश (सगळे पत्ते एकाच रंगाचे, जसे सगळे इस्पिक) स्ट्रेटला (ओळीने आलेले पत्ते) आउटरँक करतो. तीन पत्तीत स्ट्रेटला सीक्वेन्स आणि फ्लशला कलर म्हणतात, आणि तिथे उलट, सीक्वेन्स कलरच्या वर. कारण हिशेबात आहे. पाच पत्त्यांत साधे स्ट्रेट 10,200 प्रकारे येते आणि फ्लश 5,108 प्रकारे, म्हणजे फ्लश दुर्मीळ. तीन पत्त्यांच्या एकूण 22,100 डावांत साधा सीक्वेन्स 720 वेळा आणि कलर 1,096 वेळा, म्हणजे इथे सीक्वेन्स दुर्मीळ. दुर्मीळ तो वर. कॅसिनोत नवखा माणूस घरच्या दिवाळीतल्या सवयीने सीक्वेन्स फ्लशच्या वर धरतो आणि पैसे घालवतो. रंगांचेही तसेच: ब्रिजच्या बोलीत इस्पिक बदामाच्या वर, बदाम चौकटच्या वर, चौकट किलवरच्या वर. पोकरच्या प्रचलित नियमांत कोणताही रंग दुसऱ्याला आउटरँक करत नाही.

गूगलच्या संदर्भात अर्थ थोडा सैलावला आहे. कळंगुटच्या एका होमस्टेची वेबसाइट शोधात दुसऱ्याच्या वर दिसली की तिने दुसऱ्याला 'आउटरँक' केले म्हणतात, आणि कोणत्या शब्दावर हे 'फॉर'ने सांगतात. इथे क्रमवारी रोज हलते, त्यामुळे 'इज आउटरँकिंग' चालते.

शेजारच्या क्रियापदांशी गल्लत होते ती अशी. फायदे तोट्यांपेक्षा जास्त असतील तर 'आउटवे'; फायद्यांना हुद्दा नसतो. गुणवत्तेत वरचढ असेल तर 'आउटक्लास', कामगिरीत असेल तर 'आउटपरफॉर्म'. वरच्याने खालच्याचा निर्णय फिरवला तर 'ओव्हररूल'. नव्याने जुन्याची जागा घेतली तर 'सुपरसीड': 1994च्या गोवा पंचायत राज कायद्याने 1962चे ग्रामपंचायत नियमन सुपरसीड केले. केंद्राचा आणि राज्याचा कायदा समवर्ती विषयावर टक्करला, तर संविधानाच्या अनुच्छेद 254नुसार सामान्यतः केंद्राचा 'प्रिव्हेल्स'. भारतीय कार्यालयीन इंग्रजीत सुपरसीडचा आणखी एक अर्थ आहे: ज्येष्ठाला डावलून कनिष्ठाला वर नेणे. बढतीच्या तक्रारीत तो सर्रास येतो, पण परदेशी वाचकाला कळत नाही. त्याच्यासाठी 'वॉज प्रमोटेड ओव्हर मी' लिहावे.

सरकारी खात्याने ज्येष्ठता यादीचा मसुदा काढला आणि हरकत घ्यायची असेल, तर 'ही आउटरँक्स मी' ऐवजी 'ही हॅज बीन प्लेस्ड अबव्ह मी इन द सीनिऑरिटी लिस्ट' लिहावे. कारण वाद हुद्द्याचा नसून यादीतल्या जागेचा आहे, आणि आउटरँक लिहिले की तो वर आहे हे आपणच मान्य केल्यासारखे होते. सीव्हीत 'आय आउटरँक्ड ट्वेल्व्ह क्रू मेंबर्स' असे लिहू नये. ते अवघडही दिसते आणि उर्मटही, 'सुपरवाइझ्ड' लिहावे. शिपिंग कंपनीच्या मुलाखतीत आपल्या वर कोण असे विचारले तर 'आय रिपोर्ट टू द चीफ ऑफिसर' हे उत्तर द्यावे. 'द चीफ ऑफिसर आउटरँक्स मी' हे खोटे नाही, पण विचारणाऱ्याला हवे असते ते रोजच्या कामाचे नाते, आणि ते 'रिपोर्ट'मधून कळते. जहाज बदलल्यावर कोणी खालच्या पदावर आले असेल, तर 'रँक' हे नाम वापरून सरळ सांगावे: 'माय प्रीव्हियस रँक वॉज बोसन, आय ॲम नाऊ सेलिंग ॲज एबी'.